मूल म्हणतं ‘तपासलं’, तरी चुका तशाच राहतात: काय करायचं?

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पेपर तपासून घरी येतो, आई तो घेऊन बसते, आणि चुकलेल्यांतली निम्मी गणितं ‘अगं, हे तर मला येतं!’ या जातीची निघतात. ३६ चे ६३ झालेले. वजाचं चिन्ह पुढच्या ओळीत येताना गळलेलं. परिमिती विचारली होती आणि उत्तर बाजू काढून थांबलेलं. पान उलटायचं राहिलं म्हणून मागचा तीन गुणांचा प्रश्न कोराच. मग ठरलेला संवाद. “देण्याआधी तपासलास का?” “तपासला.” इथं पालकांचा पारा चढतो, कारण त्यांना वाटतं पोर धडधडीत खोटं बोलतंय. बहुतेक वेळा ते खोटं बोलत नसतं. त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर खरंच चाळलेला असतो. तपासणं म्हणजे चाळणं, एवढंच त्याला माहीत आहे, कारण याहून वेगळं काही कुणी करून दाखवलेलंच नाही.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवते, अधूनमधून मराठीचे तासही घेते. पालकसभेत दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी त्याला एकच लेबल लावलेलं असतं: निष्काळजीपणा. माझं स्पष्ट मत आहे की या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं आहे. ‘नीट लक्ष दे’ हे त्यातल्या एकाचंही औषध नव्हे. म्हणून आधी दुखणं कुठलं ते ओळखायचं.

चूक नेमकी कुठं झाली?

यासाठी एक जुनी आणि फार कामाची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी ती १९७७ मध्ये मांडली. चुकलेलं शाब्दिक गणित मुलासमोर ठेवायचं आणि पाच गोष्टी क्रमानं विचारायच्या: हे मोठ्यानं वाच. यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. ते काढायला काय करशील? आता करून दाखव. आणि शेवटी, उत्तर नीट लिही. जिथं मूल अडखळतं तिथं चूक.

उदाहरण घेऊ. ‘एका बागायतदाराने १५ किलो काजू बी १४० रुपये किलो दराने विकली. वाहतुकीला १८० रुपये खर्च आला. त्याच्या हाती किती पैसे राहिले?’ उत्तर १,९२० रुपये. आता दोन मुलांची उत्तरं चुकली आहेत. एकाचं आलंय २०,८२०, दुसऱ्याचं २,२८०. दोघांच्याही पेपरावर लाल फुली सारखीच आणि घरी मिळणारी बोलणीही सारखीच. पण पहिल्यानं गुणाकारात एक शून्य जास्त घातलंय. रीत बरोबर, हिशेब चुकला. ही चूक तपासताना सापडू शकते. दुसऱ्यानं वाहतुकीचे १८० मिळवले. ‘खर्च आला’ यातला ‘आला’ वाचून त्याला वाटलं पैसे आले. त्याला तुम्ही दहा वेळा तपासायला लावा, दहाही वेळा २,२८० च येणार, कारण त्याच्या दृष्टीनं तिथं चूकच नाही. त्याला तपासणी शिकवून उपयोग नाही, प्रश्न वाचायला शिकवावं लागेल.

गोव्यात हे दुसरं दुखणं पाचवी-सहावीत उफाळून येतं, आणि त्याचं कारण उघड आहे. आमच्या सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. चौथीपर्यंत पोरं त्यात शिकतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजी. चौथीत ‘बाकी किती?’ म्हटलं की झटकन सांगणारी मुलगी पाचवीत तोच प्रश्न इंग्रजीत वाचून नुसते आकडे उचलते आणि दिसेल ती क्रिया करते. ही मुलगी निष्काळजी झालेली नसते. तिला न्यूमन यांच्या पहिल्या दोन प्रश्नांवर आणा: वाच, आणि मराठीत नाहीतर कोकणीत सांग. “बाय, काय विचारलंय गो?” एवढं विचारलं की तिची अडचण तिच्याच तोंडून बाहेर येते. परीक्षेतही प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारायची सवय लावा. उत्तर लिहून झालं की आधी ती रेघ बघायची: जे विचारलं तेच लिहिलं का? परिमितीऐवजी बाजू लिहून थांबण्याची चूक यातच पकडली जाते.

वाचून तपासू नका, ताळा करा

आता पहिल्या जातीची चूक, म्हणजे येत असून चुकलेलं. इथं मुलं करतात काय, तर केलेल्या ओळी वरून खाली परत वाचतात. हे जवळजवळ निरुपयोगी आहे. आपणच लिहिलेलं वाचताना डोळ्याला कागदावरचं दिसण्याआधी मनातलं दिसतं. सात आठे चोपन्न लिहिलं असेल तर वाचतानाही ‘सात आठे चोपन्न’ असंच पुढं सरकतं. त्याच वाटेनं परत गेलं तर त्याच खड्ड्यात परत पाय पडतो. वाट बदलली पाहिजे. उत्तर असं दुसऱ्या वाटेनं पडताळण्याला जुने मास्तर ताळा म्हणत आणि ताळा केल्याशिवाय पाटी दाखवू देत नसत. तो शब्द आणि ती सक्ती दोन्ही वर्गातून हळूहळू गेली, याचं मला वाईट वाटतं.

वजाबाकीचा ताळा बेरजेनं. भागाकाराचा ताळा भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. समीकरणाचा ताळा आलेली किंमत परत घालून. दहावीचं साधं वर्गसमीकरण घ्या: एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य. चिन्हांत गडबड होऊन कित्येक जण उत्तर वजा दोन आणि वजा तीन असं लिहितात. अख्खं गणित परत सोडवलं तर चिन्ह परत तसंच पडायची भीती. त्यापेक्षा वजा दोन घालून बघा: ४ अधिक १० अधिक ६, म्हणजे २०. शून्य यायला हवं होतं. दोन ओळींत चूक उघडी पडली आणि वेळही फारसा गेला नाही.

शाब्दिक गणितात ताळा म्हणजे अंदाज. १० किलो काजू बीचे १,४०० होतात, २० किलोचे २,८००. मग १५ किलोचे २१,००० कसे होतील? आमच्या पोरांच्या घरी काजू बागायत असते, बी काय दरानं जाते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पण वहीत आकडा लिहिताना ते ज्ञान बाहेर उभं राहतं. “तुझ्या पप्पांना १५ किलोचे वीस हजार मिळाले तर काय म्हणतील?” असं विचारलं की वर्ग हसतो आणि ज्याची चूक झाली तोही हसत खोडरबर काढतो.

मोठ्या गुणाकारासाठी मी नऊचा ताळा शिकवते, आणि मुलांना तो जादूसारखा आवडतो. ३४७ गुणिले २८ बरोबर ९,७१६. संख्येतले अंक मिळवत जायचे, एक अंक उरेपर्यंत. ३४७ चे १४, त्याचे ५. २८ चे १०, त्याचा १. पाच एके पाच. आता उत्तराचे: ९, ७, १, ६ मिळून २३, त्याचे ५. जुळलं. जुळलं नसतं तर गुणाकार नक्की चुकलाय.

पण जुळलं म्हणजे बरोबरच आहे असं मात्र नाही, आणि हे मुलांना सांगितलंच पाहिजे. घाईत उत्तर ९,७६१ असं उलटसुलट उतरवलं तरी बेरीज २३ च येते आणि नऊचा ताळा गप्प बसतो. अंकांची अदलाबदल ही तर मुलांची नेहमीची चूक. ती पकडायला अकराचा ताळा लागतो: उजवीकडून सुरुवात करून एक अंक अधिक, पुढचा वजा. ३४७ चे ७ वजा ४ अधिक ३, म्हणजे ६. २८ चे ८ वजा २, म्हणजे ६. सहा सक छत्तीस, छत्तीसचे परत ६ वजा ३, म्हणजे ३. खऱ्या उत्तराचे ६ वजा १ अधिक ७ वजा ९, म्हणजे ३. जुळलं. ९,७६१ चे १ वजा ६ अधिक ७ वजा ९, म्हणजे वजा ७. त्यात ११ मिळवले की ४. नाही जुळलं. सातवी-आठवीच्या हुशार मुलांना हा खेळ म्हणून द्या. सगळ्यांना झेपायलाच हवा असा आग्रह नको, बाकीच्यांना नऊचा आणि अंदाज पुरे.

विज्ञानात बहुतेक वेळा एककं राहतात आणि आकृतीला नावं द्यायची राहतात. त्यासाठी शेवटी एक फेरी फक्त त्यांचीच मारायची. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

भाषेचा पेपर

मराठीत ताळा नाही, म्हणून इथं काय शोधायचं ते आधी ठरवून घ्यावं लागतं. ‘शुद्धलेखन बघ’ म्हटलं की मूल काहीच बघत नाही. प्रत्येकाच्या चुका ठरलेल्या असतात. मागच्या दोन-तीन पेपरांतल्या चुका वहीच्या शेवटच्या पानावर काढा, चारच शब्द पुन्हा पुन्हा दिसतील.

आमच्याकडे त्यातले बरेच कोकणीतून येतात. एकाच लिपीत सकाळी कोकणीचा तास, दुपारी मराठीचा. मग मराठीच्या निबंधात ‘आनी’, ‘खूब’, ‘पूण’, ‘देवूळ’ उतरणारच. कोकणीत ते बिनचूक आहेत, म्हणून डोळ्याला खटकतही नाहीत. मुलाला रागावण्यात अर्थ नाही. त्याला एक छोटी यादी करून द्या: आणि, खूप, पण, देऊळ. पेपर संपल्यावर फक्त हे चार शब्द शोधत एक फेरी. दुसरी फेरी सामान्यरूपांची: ‘मूल’चं ‘मुलाला’, ‘फूल’चं ‘फुलांचा’, ‘गरीब’चं ‘गरिबाला’. दीर्घ ऱ्हस्व होतो तिथंच पाय घसरतो. एका फेरीत एकच गोष्ट शोधायची, दोन नाहीत. आणि निबंध शेवटच्या वाक्याकडून सुरुवातीकडे एकेक वाक्य करत वाचायचा. गोष्टीचा ओघ तुटला की शब्द दिसायला लागतात. लहान मुलांना ओळीखाली पट्टी धरायला सांगा, ओठ हलले तरी चालतील.

परीक्षेच्या खोलीत

‘शेवटची दहा मिनिटं तपासायला ठेव’ हा सल्ला सगळे देतात. त्या दहा मिनिटांत खोलीत काय चाललेलं असतं ते आठवा. घंटा होते, सुपरवायझर “सप्लिमेंट बांधा, नंबर घाला” म्हणत फिरत असतात, दोरे वाटले जातात, बाजूचा “पाचव्याचं किती आलं रे?” म्हणून खुणावत असतो. त्यात कोण काय तपासणार? म्हणून प्रत्येक विभाग संपला की तिथंच त्याचा ताळा करायचा, डोकं ताजं असताना. शेवटासाठी एकच काम ठेवायचं: सुटलेलं शोधणं. प्रश्नपत्रिका हातात घ्यायची, उत्तरपत्रिका नाही. प्रश्नपत्रिकेवरच्या एकेका उपप्रश्नावर बोट ठेवून त्याचं उत्तर उत्तरपत्रिकेत आहे का ते बघायचं आणि टिक करायची. चुकलेल्या वेलांटीपेक्षा कोरा राहिलेला प्रश्न कितीतरी महाग पडतो, म्हणून आधी तो.

आणि एक शिक्षकांसाठी. तासभर आधी उठलेल्या मुलाकडे कौतुकानं बघून “झालं? दे इकडे” म्हणणारे आपणच असतो. पहिला पेपर देणारा हुशार, ही समजूत वर्गात आपणच रुजवतो. निदान घटक चाचणीला तरी वेळ संपेपर्यंत पेपर घेऊ नका. मूल खिडकीतून कदंबच्या बसगाड्या मोजत बसलं तरी चालेल, थोड्या वेळानं कंटाळून पान उलटतंच.

मुलांची आणखी एक अडचण: चूक दिसते, पण बदलायला हात धजत नाही. “पहिलं मनात येतं तेच बरोबर असतं, खोडू नको” असं घरात कुणीतरी सांगितलेलं असतं. या समजुतीची तपासणी झालेली आहे. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या पर्यायी प्रश्नांच्या पेपरांवर खोडलेल्या खुणा मोजल्या. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची होती ती बरोबर झाली, २५ टक्के बरोबर होती ती चुकली, बाकीची चुकीचीच राहिली. मग ही समजूत का टिकते? कारण बरोबर असलेलं खोडून गेलेला गुण जन्मभर लक्षात राहतो. मुलांना माझा नियम सोपा आहे: कारण सांगता येत असेल तर बदल, नुसती धाकधूक होत असेल तर राहू दे.

बारावीनंतर बांबोळीच्या गोमेकॉवर, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजवर, डोळा ठेवून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणाऱ्यांचं मात्र वेगळं. १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकीला एक गुण वजा, आणि उत्तरपत्रिकेवर पेनानं भरलेला गोल पुसता येत नाही. तिथं ताळा गोल भरण्याआधीच व्हायला हवा. शिवाय दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा आकडा आणि गोलाचा आकडा जुळवून बघावा, नाहीतर एक ओळ सरकली की पुढची सगळी सरकतात.

सवय परीक्षेत लागत नाही

वरचं सगळं रोजच्या वहीत झालं तरच पेपरात होतं. त्यासाठी वर्गात मला सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चूक दाखवणं थांबवणं. गणितावर फुली मारण्याऐवजी मी समासात लिहिते: ‘या पानावर दोन चुका आहेत.’ कुठं ते सांगत नाही. मुलं वैतागतात, “टीचर, सांगा ना,” म्हणून मागे लागतात, आणि शेवटी शोधतात. त्यांनी स्वतः शोधून दुरुस्त केलं तर कापलेला अर्धा गुण परत. वही बदलून एकमेकांची तपासायला दिली की दुसऱ्याची चूक बघताना तर घारीची नजर येते. त्यानंतर लगेच स्वतःची वही परत द्यायची, नजर तेवढ्यापुरती टिकून असते.

घरी उलटं घडतं. आई कामावरून येते, स्वयंपाक करता करता वही बघते, चूक दिसली की स्वतःच सांगते, मूल खोडून नीट करतं, दप्तर भरतं. गृहपाठ बिनचूक आणि पेपर भरून चुका. तपासणीचं काम आईनं अंगावर घेतलंय, मुलाला ते कधी करावंच लागत नाही. शिकवणीलाही बहुतेक हेच चालतं. घरात एवढाच नियम करा: माझ्याकडे वही आणण्याआधी तूच शोधलेली एक तरी चूक दाखव, नाहीतर एका गणिताचा ताळा दाखव. त्याशिवाय मी वही उघडणार नाही. पहिले काही दिवस कटकट होते, मग मूल मुद्दाम ताळ्याला सोपं गणित निवडतं. निवडू दे.

तरीही फरक पडला नाही तर

फळ्यावरचंच उतरवताना आकडे चुकत असतील आणि पुस्तकातलं बरोबर येत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. मागच्या बाकावर बसणारी किती पोरं चष्म्याअभावी निष्काळजी ठरतात ते शिक्षकांना विचारा. वरच्या वर्गात जाऊनही अक्षरं नि आकडे सतत उलटेपालटे होत असतील, वाचायला फार वेळ लागत असेल, तर ते शिकण्यातल्या खऱ्या अडथळ्याचं लक्षण असू शकतं. शाळेशी बोलून रीतसर तपासणी करून घ्या. गोवा बोर्डाच्या परीक्षांत अशा मुलांसाठी सवलती आहेत, पण अर्ज शाळेमार्फत आणि वेळेत जावा लागतो. दहावीच्या तोंडावर धावपळ करून भागत नाही.

शेवटचा प्रकार अगदी उलटा. एक गणित तीन-तीनदा तपासणारी, खोडून खोडून कागद भोकं पडेपर्यंत घासणारी मुलं, ज्यांचा पेपर कधीच पूर्ण होत नाही. त्यांना वरचं काहीही वाचून दाखवू नका. त्यांना एकच ताळा करायची मुभा द्या, तो जुळला की समासात पेन्सिलनं छोटी टिक, आणि टिक केलेल्या गणिताकडे परत वळायला सक्त मनाई. खोडरबर दप्तरात राहू दे. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला लिहायचं.